पत्र्याखालचे वर्ग

शाळेची इमारत कशी असावी, ही चर्चा आपल्याकडे बहुधा उद्घाटनाच्या दिवशी संपते. फीत कापली जाते, नारळ फुटतो आणि पाहुणे चहा घेऊन निघून जातात. मुले मात्र पुढची कित्येक वर्षे त्या भिंतींच्या आत, त्या छपराखाली बसतात.

आणि छप्पर पुष्कळदा पत्र्याचे. उन्हात पत्रा तापला की त्याची धग थेट डोक्यावर उतरते. पावसाळ्यात त्याचा ताशा असा वाजतो की बाईंचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही. आपला उपाय ठरलेला: उन्हाळा लागला की शाळा सकाळची करायची!

माझी हयात बँकेत गेली. इमारतींच्या कर्जांचे कागद हाताखालून पुष्कळ गेले. पाया, सिमेंट, चौरस फुटाचा भाव, सारे रकाने भरलेले असत. दुपारी आत किती उकडेल, हा रकाना कुठल्याच नमुन्यात नव्हता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही इमारत सर्व ऋतूंत उपयोगी पडावी असे म्हटले आहे. वर्ग किती तापलेला चालेल, याबद्दल अवाक्षर नाही.

हा रकाना एका माणसाने भरला, तो पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात. फ्रान्सिस केरे हे गान्दो गावातून शाळेत गेलेले पहिले मूल. गावात शाळाच नव्हती, म्हणून सातव्या वर्षी घर सोडावे लागले. परगावची ती शाळा अंधारी, कोंदट, मुलांनी खच्चून भरलेली. पुढे सुतारकाम शिकायला ते जर्मनीत गेले आणि तिथेच वास्तुशास्त्राकडे वळले. शिकत असतानाच त्यांनी पैसे गोळा करून २००१ मध्ये आपल्या गावात शाळा उभी केली.

पत्रा त्यांनीही वापरला, पण डोक्यावर नाही. वर्गाचे छत मातीच्या विटांचे, मधूनमधून फटी ठेवलेले. त्याच्या वर लोखंडी सळयांच्या हलक्या सांगाड्यावर उचलून धरलेला पत्रा, भिंतींच्या बाहेर चांगला पुढे आलेला. तापलेली हवा फटींतून वर जाते आणि दोन छपरांमधल्या मोकळ्या जागेतून वाऱ्याबरोबर निघून जाते. खिडक्यांतून गार हवा आत येते. पंखा नाही, वीज नाही. पुढे आलेल्या पत्र्यामुळे मातीच्या भिंतींना पावसाचा मारही लागत नाही.

मातीची शाळा म्हटल्यावर गावकरी आधी साशंकच होते. (आपल्याकडेही सिमेंटचे घर झाल्याशिवाय माणूस वर आला असे कोण मानतो?) पण मग दगड, पाणी वाहून त्यांनीच ती बांधली. मातीत थोडे सिमेंट मिसळून विटाही गावातच पाडल्या.

शाळेला २००४ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये केरे वास्तुकलेतल्या प्रित्झ्कर सन्मानाचे पहिले आफ्रिकी मानकरी झाले. गान्दोच्या शाळेत मात्र मुलांची अशी रीघ लागली की आणखी वर्ग बांधावे लागले. त्यांचेही छत विटांचेच आहे, आणि पत्रा त्याच्या वर, हात राखून.