मागण्यापलीकडची प्रार्थना

‘‘ताई, माझ्यासाठी प्रार्थना कराल ना?’’ हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा तरी ऐकते. बचत गटाच्या बैठकीत, एस.टी. स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत. फक्त आम्ही ख्रिस्ती बायकाच असं म्हणतो असं नाही. आमच्या गल्लीतली दूधवाली मावशीसुद्धा म्हणते, ‘‘तुमच्या रविवारच्या उपासनेत माझ्या पोरीचं नाव घ्या बरं का.’’ मुलाची दहावी, नवऱ्याची दारू, रखडलेलं घरकुल, न पडलेला पाऊस, सोनोग्राफीचा रिपोर्ट… बाईच्या प्रार्थनेची यादी तिच्या किराण्याच्या यादीपेक्षा लांब असते.

मागण्यात काहीच गैर नाही. प्रभू येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यात रोजच्या भाकरीची मागणी आहेच. देवाला बाप म्हणायचं, मग बापाकडे नाही मागायचं तर कुणाकडे? पण मैत्रिणींनो, पुण्याला शिकायला गेलेला मुलगा फक्त पैसे लागले की फोन करत असेल, तर आईला काय वाटतं? पैसे ती पाठवतेच. फोन ठेवल्यावर मात्र मनात येतंच, ‘अरे, आई कशी आहेस, एवढं तरी विचारायचंस.’ देवाशी आपलं नातंही कधी कधी असंच होऊन बसतं. काम पडलं की हाक, काम झालं की विसर.

प्रार्थनेने आणि भरवशाने देवाशी नातं खोल होतं, असं आपण उपदेशात नेहमी ऐकतो. पण खोल होतं म्हणजे नेमकं काय होतं? रोज स्वयंपाक, धुणी-भांडी, शेतीवाडी नाहीतर नोकरी सांभाळणाऱ्या बाईला ते कसं जमायचं?

मला अशा वेळी हन्ना आठवते. तिची गोष्ट बायबलच्या जुन्या करारात आहे. इतर धर्मांच्या मैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. हन्नाला मूलबाळ नव्हतं. नवरा एलकाना जीव लावणारा, पण सवत पनिन्ना लेकुरवाळी आणि येता-जाता टोमणे मारणारी. दरवर्षी सगळं कुटुंब शिलो इथल्या मंदिरात जाई आणि दरवर्षी हन्ना न जेवता रडत बसे. एका वर्षी ती उठली, मंदिरात गेली आणि परमेश्वरापुढे मन मोकळं केलं. ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. म्हाताऱ्या एली याजकाला वाटलं, बाई दारू पिऊन आली आहे! त्याने हटकलं. तिने सांगितलं, मी प्यालेले नाही, दुःखी आहे. तेव्हा त्याने तिला आशीर्वाद दिला.

पुढे तिला शमुवेल झाला, हे आम्हाला शब्बाथ शाळेपासून पाठ आहे. पण मला मोलाची वाटते ती त्याआधीची एक लहानशी गोष्ट. हन्ना मंदिरातून परतली, जेवली आणि मग तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. तेव्हा तिच्या हातात काय होतं? काहीच नाही. सवत तीच, टोमणे तेच, कूसही रिकामीच. पण इतकी वर्षं जे ओझं ती एकटी वाहत होती, ते आता एकटीचं राहिलं नव्हतं. मला वाटतं, भरवसा म्हणतात तो हाच. मागितलेलं मिळालं म्हणून आलेला आनंद वेगळा आणि ज्याच्याजवळ बोललो त्याने ऐकलं म्हणून मिळालेली शांती वेगळी.

आणि हन्नाने पाठ केलेलं काही म्हटलं नव्हतं, हेही लक्षात घ्या. पुष्कळ बायकांना वाटतं, आम्हाला पाळकसाहेबांसारखी प्रार्थना येत नाही. अगं, कशाला यायला हवी? माझी आजी अंगठाछाप. पण चुलीपुढे बसून ती देवाशी अशी बोलायची, जसं कुणी माहेरच्या माणसाशी बोलावं. ‘‘बापा, आज पीठ कमी आहे, पाहुणे जास्त आहेत, बघ आता तूच.’’ आमच्या मराठी ख्रिस्ती समाजाला असं आपल्या भाषेत बोलायला शिकवण्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांचा वाटा फार मोठा. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण अभंग आणि ओवी टाकून दिली नाही. म्हणूनच आजही खेड्यातल्या उपासनेत टाळ-मृदंगावर भजन रंगतं, आणि अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही प्रार्थना परकी वाटत नाही.

भरवशाचा एक उलटा अर्थही लावला जातो. तोही इथे सांगायला हवा, कारण त्यापायी जीव जातात. आमच्या गटातल्या एका मावशींना टीबी झाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळत होत्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं, की आता देवाने बरं केलंय, गोळ्या घेत राहिलात तर तो अविश्वास. मावशींनी गोळ्या बंद केल्या. आशाताई दोनदा घरी जाऊन आल्या, मावशी ऐकेनात. टीबीचं औषध साधारण सहा महिने पूर्ण घ्यावं लागतं. मध्येच सोडलं तर आजार उलटतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही.

शेवटी आमच्या पाळकसाहेबांनी त्यांच्या घरी बसून हिज्कीया राजाची गोष्ट वाचली. राजा मरणाला टेकला होता. त्याने रडून प्रार्थना केली. देवाने यशया संदेष्ट्याकडून निरोप पाठवला की प्रार्थना ऐकली आहे, तू बरा होशील. आणि त्याच यशयाने लगेच काय सांगितलं? अंजिरांचा लेप करून गळवावर लावा! म्हणजे देवाचं वचनही आणि लेपही. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर स्वतः वैद्यच होता. मावशी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे गोळी घेताना प्रार्थना केली तर चालेल?’’ पाळकसाहेब म्हणाले, ‘‘चालेल काय, करायचीच.’’ डॉक्टरांना दाखवून मावशींनी उपचार पुन्हा सुरू केले आणि ते पूर्णही केले.

भरवसा आणि कष्ट हे दोन्ही एकत्र कसे नांदतात, हे पाहायचं तर फार लांब जायला नको. पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. संस्कृत त्या आईकडून शिकल्या. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत देशभर पायी फिरलं. दुष्काळाच्या दिवसांत वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ मध्ये नवराही गेला. पदरात तान्ही मनोरमा. एवढं सोसलेल्या बाईने १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटेल, झालं, देव सापडला, आता सगळं सरळ. पण १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई वेगळंच सांगतात. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला धर्म मिळाला खरा, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही.

आठ वर्षं! एवढी मोठी विदुषी. तोवर अमेरिकेत व्याख्यानं देऊन आलेली, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलेली. डोक्याला सगळं पटलं होतं, पण मन अजून देवापाशी टेकलं नव्हतं. मला या कबुलीचा फार आधार वाटतो. आपल्याला वर्ष-दोन वर्षांत काही ‘अनुभव’ आला नाही की आपण खट्टू होतो. नातं मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखा. सासरी आल्याबरोबर कुठे सासर आपलं होतं?

त्याच साक्षीत जॉर्ज म्युलर यांचा उल्लेख येतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात म्युलर यांनी कुणा माणसापुढे हात न पसरता, प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुलं सांभाळली. त्यांच्याविषयी वाचून रमाबाईंच्या मनात आलं, देवावर असा भरवसा ठेवून आपल्या देशात का नाही जगता येणार? परीक्षा लवकरच आली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. स्वतः उपासमार भोगलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, म्हणून त्यांची सोय केडगावच्या जमिनीवर केली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या हजाराच्या वर गेली.

एवढ्या तोंडांना रोज दोन वेळचं जेवण घालायचं म्हणजे काय, हे लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक केलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. मुक्तीत प्रार्थना रोजची होती. पण रमाबाई नुसत्या डोळे मिटून बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली, गुरं पाळली, मुलींना विणकाम आणि छपाई शिकवली, अंध मुलींना ब्रेल शिकवलं. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी हातातलं ते काम रमाबाईंनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि ते बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. गुडघे टेकणं आणि पदर खोचणं, रमाबाईंच्या आयुष्यात ही दोन वेगळी कामं नव्हतीच.

आता अवघड भागाकडे येते. मागितलेलं मिळालंच नाही तर?

आमच्या घरात हे घडलेलं आहे. माझा धाकटा दीर ऐन चौतिशीत किडनीच्या आजाराने गेला. सगळ्या मंडळीने साखळी प्रार्थना केली होती. सासूबाईंनी उपास केले होते. तो गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी एक बाई म्हणाल्या, ‘‘कुठेतरी विश्वास कमी पडला असेल.’’ मैत्रिणींनो, लेक गमावलेल्या आईला असं कधीही म्हणू नका. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने स्वतः तीन वेळा विनवणी केली, की समोरचं दुःख टळावं. ते टळलं नाही. मग त्याचाही विश्वास कमी पडला म्हणायचं का?

सासूबाई त्यानंतर उपासनेला येत, पण गाणं सुरू झालं की ओठ मिटून बसत. एकदा भाकऱ्या थापताना मला म्हणाल्या, ‘‘मी त्याला आता काही मागत नाही गं. नुसती भांडते.’’ थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘‘पण रोज भांडते.’’ मी काही बोलले नाही. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांत अशी कितीतरी आहेत, ज्यांत भक्त देवाला जाब विचारतो, तू कुठे लपलास म्हणून रडतो. ती स्तोत्रं कुणी पुस्तकातून काढून टाकली नाहीत. ती प्रार्थनाच आहेत. अबोला धरण्यापेक्षा भांडण बरं, हे आपण संसारात शिकतोच की.

आणि भांडायलाही समोर कुणी नाही असं वाटलं तर? मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आतून देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं. तरी त्या रोज प्रार्थनेला बसत आणि रोज रस्त्यावरच्या मरणाऱ्या माणसाला उचलत. २०१६ मध्ये त्यांना संतपद दिलं गेलं. भरवसा म्हणजे रोज गोड गोड वाटणं नव्हे, हे त्यांच्या पत्रांनी मला शिकवलं.

दीड वर्षाने आमच्या शेजारणीचा मुलगा अपघातात गेला. सगळ्यांच्या आधी सासूबाई तिथे पोचल्या. उपदेश केला नाही, वचन वाचलं नाही. तिचा हात धरून रात्रभर बसल्या. पुढच्या रविवारी त्या पुन्हा गायला लागल्या. आवाज कापरा होता, पण होता.

आमच्या महिला मंडळात आम्ही काही साध्या सवयी लावून घेतल्या आहेत. ज्यांना आवडेल त्यांनी करून पाहाव्यात, धर्म कोणताही असो. दिवसातली दहा मिनिटं ठरवून ठेवायची. पहाटे नळाला पाणी यायच्या आधीची किंवा दुपारी भांडी आवरल्यावरची, पण रोज तीच. आधी मागायचं नाही, कालच्या दिवसातल्या एका तरी चांगल्या गोष्टीबद्दल आभार मानायचे. मग मनातलं जसं असेल तसं बोलायचं, रागसुद्धा. शेवटी दोन मिनिटं गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड जातं, आपल्याला गप्प बसायची सवय कुठे आहे! आणि आपल्या घराबाहेरच्या एकीचं तरी नाव घ्यायचं. जिचं नाव रोज घेतो, तिच्या घरी आठवड्यातून एकदा डोकावल्याशिवाय मग राहवत नाही.

शिवाय एक वही ठेवायची. डाव्या पानावर मागणं, उजव्या पानावर पुढे काय झालं ते तारखेसह. वर्षाने चाळली की गंमत वाटते. काही गोष्टी मागितल्या तशाच झाल्या. काही न मागता झाल्या. काही मिळाल्या नाहीत तेच बरं झालं, असं आता हसून म्हणता येतं. आणि माझ्या वहीत काही उजवी पानं अजून कोरीच आहेत. त्यांतल्या दोन-तीन मागण्यांचं उत्तर मला या जन्मी कळेल असं वाटत नाही. पण त्या मी खोडलेल्या नाहीत. ज्याच्यापुढे लिहिल्या, त्याने त्या वाचल्या आहेत, एवढं मला पुरतं.