डॉक्टर कोणत्या रजिस्टरात आहेत? ‘मिक्सोपॅथी’चा वाद आणि मोहल्ल्यातला दवाखाना

मगरिबची नमाज झाली की मुंब्रा, भिवंडी, मालेगावच्या गल्ल्यांमधले छोटे दवाखाने भरू लागतात. तपासणी, एक इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्यांची पुडी. बाहेर पाटीवर कुठे बी.यू.एम.एस., कुठे बी.एच.एम.एस., तर कुठे नुसतंच ‘डॉक्टर’. बाकावर बसलेल्या एखाद्या खालांना विचारा की हे डॉक्टर नेमके कशाचे? उत्तर ठरलेलं, “अपने डॉक्टर साब है, हाथ में शिफा है.”

शिफा अल्लाह देतो, यात वाद नाही. पण औषध माणूस देतो, आणि कोणत्या माणसाने कोणतं औषध द्यायचं हे कायदा ठरवतो. 2025 मध्ये महाराष्ट्रात याच प्रश्नावरून मोठं रण पेटलं. त्यानंतर आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर ‘आता युनानी डॉक्टरांवर पण बंदी येणार’ अशा अर्थाचे मेसेजही फिरले, म्हणून नेमकं काय आहे ते समजून घेऊ.

वाद होमिओपॅथीच्या डॉक्टरांचा होता. राज्याने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स, म्हणजे ‘सीसीएमपी’, पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथना अॅलोपॅथीची औषधं लिहिण्याची वाट मोकळी करण्यात आली. हा कोर्स नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. या डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी करायचं 2025 मध्ये ठरलं, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने विरोध केला. जुलैमध्ये नोंदणी थांबली, सप्टेंबरमध्ये सरकारने पुन्हा आदेश काढला आणि 18 सप्टेंबरला अॅलोपॅथीचे डॉक्टर एक दिवसाच्या संपावर गेले. प्रकरण उच्च न्यायालयातही गेलेलं आहे.

युनानीचा हिशोब वेगळा आहे. बी.यू.एम.एस. ही इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची पदवी. मालेगावच्या मन्सुऱ्यात, मुंबईत वर्सोव्याला अंजुमन-ए-इस्लामच्या तिब्बिया कॉलेजात, पुण्यात आझम कॅम्पसमध्ये ती शिकवली जाते, आणि प्रवेश ‘नीट’मधूनच होतो. या डॉक्टरांची नोंदणी मेडिकल कौन्सिलमध्ये होत नाही. ती होते महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनमध्ये, 1961 च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली. आयुर्वेदाच्या डॉक्टरांचं रजिस्टरही तेच. याच कायद्याच्या आधारे राज्य सरकारने 1992 मध्ये आदेश काढून नोंदणीकृत आयुर्वेद-युनानी पदवीधरांना आधुनिक औषधं वापरायची मुभा दिली. मात्र त्यांना जेवढं शिकवलं गेलं आहे, तेवढ्याच मर्यादेत.

ही मुभा किती पक्की? सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल इथे महत्त्वाचे आहेत. पहिला 1996 चा, आणि घटना आपल्या मुंबईतलीच. ताप आलेल्या एका माणसाला होमिओपॅथीच्या डॉक्टरने अॅलोपॅथीची औषधं दिली. तो माणूस दगावला. त्याच्या बायकोने लढा दिला. न्यायालय म्हणालं की जी पद्धत शिकलाच नाहीत त्या पद्धतीने इलाज करणं हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा लागत नाही. तीन लाखांची भरपाई द्यावी लागली. दुसरा निकाल 1998 चा. त्यात न्यायालयाने स्पष्ट केलं की भारतीय चिकित्सापद्धतीच्या डॉक्टरला आधुनिक औषधं लिहिता येतील की नाही, हे त्या राज्याचा कायदा काय म्हणतो यावर अवलंबून आहे.

म्हणूनच एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रातली परवानगी महाराष्ट्राच्या कायद्याची आहे. दुसऱ्या राज्यात नोंदणी करून इथे येऊन बसलेल्या डॉक्टरला ती आपोआप मिळत नाही. भिवंडीसारख्या शहरात, जिथे रुग्ण आणि डॉक्टर दोघेही बाहेरून आलेले असतात, तिथे हा मुद्दा फार कामाचा आहे. आणि पाटीवर नुसतं ‘आर.एम.पी.’ लिहिलं म्हणजे ती पदवी होत नाही.

आता खरा पेच. आय.एम.ए. म्हणते की औषधशास्त्र एका वर्षात येत नाही, चुकीच्या अँटिबायोटिकने रुग्णाचं आणि समाजाचंही नुकसान होतं. हे बोलणं खोटं नाही. सर्दी-खोकल्यालाही तिसऱ्या पिढीचं अँटिबायोटिक, सांधेदुखीला स्टेरॉइड, आणि दोन दिवसांत आराम पडला की डॉक्टरचं नाव मोठं. हे आपण आपल्या घरात पाहिलेलं आहे. पण एम.बी.बी.एस. डॉक्टर या वस्त्यांमध्ये रात्री दहाला बसत नाही, हेही तितकंच खरं.

मालेगावला हे 2020 मध्ये कळलं. एप्रिल-मेमध्ये कोरोनाच्या भीतीने खाजगी दवाखाने बंद झाले. बडा कब्रस्तानातल्या दफनांचा आकडा कोरोनाच्या सरकारी मृत्यूंपेक्षा कितीतरी पुढे गेला. गावातले लोक सांगत होते, यातले बरेचसे बी.पी., शुगर, दम्याचे जुने पेशंट होते, ज्यांना तपासायला कुणी नव्हतं. म्हणून ‘सगळे बंद करा’ ही मागणी करणं सोपं आहे, पण तिची किंमत कोण मोजतं तेही बघायला हवं. माझं मत विचाराल तर मर्यादा काटेकोर हव्यात, आणि त्या कागदावर नको, दवाखान्यात दिसायला हव्यात.

पण दवाखान्यात बघणार कोण? महाराष्ट्राने केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा लागू केलेला नाही. इथे चालतो 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. त्याचे नियम 2021 मध्ये सुधारले, हॉस्पिटलने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं सक्तीचं झालं. पण हा कायदा खाटा असलेल्या जागेचा. गल्लीतला खाट नसलेला दवाखाना त्यात बसत नाही. तिथे आपल्या हातात उरतो तो फक्त डॉक्टरचा नोंदणी क्रमांक. तो पाटीवर आणि चिठ्ठीवर असला पाहिजे. आपल्या घरातलं कॉलेजला जाणारं पोर दोन मिनिटांत संबंधित कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव शोधू शकतं. नाव कुठेच सापडलं नाही, तर शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी आणि गावात तालुका आरोग्य अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार द्यावी. नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करणं 1961 च्या कायद्याच्या कलम 33 प्रमाणे गुन्हा आहे.

नोंदणी असलेल्या डॉक्टरकडून घोळ झाला तर कौन्सिलकडे जाता येतं. पैसे देऊन इलाज घेतला असेल तर जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, दोन वर्षांच्या आत. 1995 पासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात धरली जाते. वकील नसला तरी चालतं. पण आयोग पहिला प्रश्न विचारतो तो पुराव्याचा, आणि नेमकं तिथेच आपली माणसं रिकाम्या हाताने उभी राहतात. चिठ्ठी नाही, पावती नाही. होती ती पुडी, आणि गोळ्या संपल्यावर तो कागद कचऱ्यात गेला.

त्या पुडीचाही नियम आहे बरं का. डॉक्टरने स्वतःच्या पेशंटला दवाखान्यातून औषध द्यायला परवाना लागत नाही, ही सूट औषध नियमांच्या अनुसूची ‘के’मध्ये आहे. पण अँटिबायोटिकसारखं चिठ्ठीवरच मिळणारं औषध असं द्यायचं तर अटी आहेत. लेबलवर डॉक्टरचं नाव-पत्ता आणि डोस हवा. पेशंटचं नाव, औषध आणि तारीख रजिस्टरात लिहायची, आणि ते रजिस्टर दोन वर्षं सांभाळायचं. तेव्हा पुढच्या वेळी कंपाउंडर पांढऱ्या कागदात तीन रंगांच्या गोळ्या बांधायला लागला की त्याला सांगा, “भाई, हर गोली का नाम लिख के दो.” डॉक्टर चांगले असतील तर राग मानणार नाहीत.