अम्मीची नब्ज

पहिल्यांदा लक्षात आलं ते असरच्या नमाजच्या वेळी. अम्मी सजद्यातून उठली आणि एक हात छातीवर ठेवून तशीच बसून राहिली. सलाम फेरल्यावर म्हणाली, "दिल कैसा तो भी हो रहा." २०२३ चा नोव्हेंबर होता. आम्ही तिघं भावंडं आणि अब्बा, सगळे घरात होतो. कुणी पाणी आणलं, कुणी पंखा लावला. अर्ध्या तासाने अम्मी उठून स्वयंपाकाला लागली आणि आम्हीही विसरलो.

पुढचे तीन महिने असंच चाललं. आठवड्यातून एकदा-दोनदा छातीत धडधड व्हायची. ती नुसती जोराची नसायची, तिला ताल नसायचा. दोन ठोके भरभर, मग एक मोठी उसंत, मग एकदम चार. कधी पंधरा मिनिटं, कधी अख्खी रात्र. डाव्या कुशीवर झोपलं की जास्त जाणवायचं. त्या वेळी वारंवार लघवीला लागायचं आणि दुसऱ्या दिवशी अंगातली सगळी ताकद कुणी काढून घेतल्यासारखं व्हायचं. आमच्या महालातल्या जुन्या घराचा जिना अरुंद आणि चढाचा आहे. तो चढताना अम्मी मध्येच थांबू लागली. लघवीचं आम्हाला नवल वाटायचं, म्हणून आम्ही ते साखरेवर ढकललं. साखर तपासली, ती नॉर्मल. दम लागतो ते वयामुळे, धडधड गॅसमुळे. फुफी म्हणाली, नजर लागली. एका दवाखान्यात ईसीजी काढला. पण तोवर ठोके जागेवर आले होते, कागदावर सगळं ठीक. "टेन्शन घेऊ नका" असं सांगून आम्हाला परत पाठवलं. अम्मीला याचंच सर्वात जास्त वाईट वाटलं. त्रास होतोय आणि पुरावा नाही, म्हणजे घरचेही हळूहळू "अम्मीला सवयच आहे" म्हणायला लागतात. आम्हीही म्हटलं, हे कबूल केलं पाहिजे.

पकडलं ते एका म्हाताऱ्या हकीमसाहेबांनी. अम्मी गुडघ्यासाठी तेल आणायला गेली होती. त्यांनी सवयीने मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. म्हणाले, "नब्ज बेतरतीब आहे. माझ्याकडे याचं औषध नाही, दिलच्या डॉक्टरकडे जा." युनानी हिकमतीत नब्ज पाहायला काय मोल आहे हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. हजार वर्षांपूर्वी इब्न सीनाने 'अल्-कानून'मध्ये नब्जेचे गुण सांगताना ती नियमित आहे की अनियमित, याला वेगळं स्थान दिलं. नब्जेच्या एका प्रकाराला हरणाच्या उडीवरून नाव आहे. अम्मीची नब्ज त्या प्रकारातली होती असा आमचा दावा नाही. पण तीन बोटं मनगटावर ठेवून एक मिनिट थांबायला वेळ लागतो, तो त्या बुजुर्गांनी दिला, हे खरं.

मग सुपर स्पेशालिटीच्या ओपीडीत गेलो. तिथे अम्मीला चोवीस तास छातीला तारा लावून होल्टर नावाचं यंत्र दिलं. पहाटे तीनच्या सुमाराला ते सापडलं. आजाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन.

डॉक्टरांनी समजावलं ते आम्हाला महालच्या भाषेत सांगायचं तर असं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत एक जागा असते, ती दर ठोक्याचा इशारा देते. या आजारात तिचं कुणी ऐकत नाही. वरच्या कप्प्यांत चारी बाजूंनी मिनिटाला ३५० ते ६०० इशारे सुटतात, म्हणून ते कप्पे आकसण्याऐवजी नुसते थरथरतात. बडकस चौकात संध्याकाळी सगळ्या गल्ल्यांतून गाड्या एकदम घुसाव्यात तसं. मधे एक गाठ असते, ती हवालदारासारखी बहुतेकांना अडवते आणि काहींनाच खाली सोडते. म्हणून खालचे कप्पे ६०० वेळा नाही, पण शंभर-दीडशे वेळा, आणि तेही बेताल, धडकतात. रक्त पुरेसं भरण्याआधीच पंप दाबला जातो. त्यातून दम, चक्कर आणि थकवा. लघवीचं कोडंही तिथेच सुटलं: वरचे कप्पे ताणले गेले की हृदयच एक द्रव्य सोडतं, ते किडनीला पाणी बाहेर टाकायला सांगतं.

पण डॉक्टरांना काळजी धडधडीची नव्हती. थरथरणाऱ्या कप्प्याच्या कोपऱ्यात एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त साचून गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की लकवा. या आजारात लकव्याचा धोका साधारण पाचपट वाढतो. आणि इथे एक गोष्ट आम्हाला फार उशिरा समजली. त्रास किती जाणवतो, याचा या धोक्याशी काही संबंध नाही. आमच्या मामूंना हाच आजार आहे. त्यांना कधी धडधड नाही, दम नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला तेव्हा कळलं. ते आजही म्हणतात, "मला काहीच होत नाही, मग रोज गोळी कशाला?" अम्मी रात्र-रात्र जागते आणि मामू घोरतात, पण गुठळीला दोघं सारखेच.

पुढे इको झाला आणि आजाराचं मूळ मिळालं. डाव्या बाजूची माइट्रल झडप अरुंद झालेली होती. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी सांधे सुजले होते का? नानी असती तर तिनेच सांगितलं असतं. अम्मी दहा-अकरा वर्षांची असताना घसा धरला, ताप आला, मग गुडघे आणि घोटे आळीपाळीने सुजले. त्या वर्षी ती बरेच महिने शाळेत गेली नाही. नानीने तेल चोळलं, दुआ केली, पोरगी बरी झाली. सांधे बरे झाले, पण झडपेला डाग राहिला आणि पन्नास वर्षांनी बोलला. श्रीमंत देशांत हे आता क्वचित दिसतं. २०१४ साली जगभरातल्या पंधरा हजारांहून अधिक एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात उत्तर अमेरिकेतल्या १०० रुग्णांपैकी जेमतेम दोघांना असा संधिवाताच्या तापातून आलेला हृदयरोग होता, तर भारतातल्या १०० पैकी एकतीस जणांना. दाट वस्तीत, एका खोलीत सहा-सात जण झोपतात तिथे घशाचा तो जंतू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. म्हणून पोराचा घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी पेनिसिलिनसारखं औषध दिलं तर कोर्स अर्ध्यावर सोडू नका. आणि मागोमाग सांधे सुजले तर तेल चोळत घरी बसू नका.

झडप अशी अरुंद असली की औषधही वेगळं लागतं. मामूंना रक्त पातळ ठेवणारी नवी गोळी आहे, तिला रक्ततपासणीची कटकट नाही. अम्मीसाठीही आम्ही तीच मागितली. डॉक्टरांनी नाही म्हटलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा झडपेच्या रुग्णांवर जुन्या पद्धतीचीच गोळी सरस ठरली होती. तेव्हा अम्मीला रोज संध्याकाळी असिनोकुमॅरॉल, ठोक्यांचा वेग आवरायला एक गोळी आणि अंगात साचणारं पाणी काढायला एक. जुन्या गोळीला आयएनआरची रक्ततपासणी लागते. आकडा २ ते ३ मध्ये हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची.

ही गोळी घरात आली की स्वयंपाकघरही तिच्या हिशोबाने चालतं. पालक, मेथी, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के असतं, ते गोळीच्या उलट काम करतं. आधी आम्ही हिरवी भाजीच बंद केली, तीही चूक. खायची, पण दर आठवड्याला साधारण सारखीच. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणायची नाही, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. अँटिबायोटिक सुरू केलं तर आयएनआर लवकर तपासायचा. फुफीने हिजामा करायचा फार आग्रह धरला होता. आम्ही डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हात जोडले. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असताना कातडीला चिरे देणं म्हणजे नळ उघडून तोटी हरवणं. हिजामा करणाऱ्या भाईंनीही गोळीचं नाव ऐकून नकार दिला, अल्लाह त्यांचं भलं करो.

आणि रमजान. २०२४ च्या रमजानमध्ये अम्मीने आम्हाला न सांगता सगळे रोजे धरले. तहान लागू नये म्हणून पाण्याची गोळी गुपचूप बाजूला ठेवली. अकराव्या रोज्याच्या रात्री तिला आडवं होता येईना. उशांना टेकून, उघड्या खिडकीकडे तोंड करून तिने रात्र काढली. सकाळी तिला भरती करावं लागलं. इमामसाहेब घरी आले तेव्हा ती रडली. त्यांनी शांतपणे सांगितलं, आजाऱ्याला सवलत दिली आहे, आणि ज्याचा आजार सुटणारा नाही त्याच्यासाठी फिदिया आहे. ती सवलत नाकारून जीव धोक्यात घालायला तुम्हाला कुणी सांगितलं? ज्यांना दिवसातून एकदाच गोळी लागते आणि झडप चांगली आहे अशा काहींना डॉक्टर वेळा बदलून रोज्याची परवानगी देतात. अम्मीला नाही दिली. हे रमजानच्या महिनाभर आधी विचारायचं असतं, चाँद दिसल्यावर नाही.

२०२५ च्या रमजानमध्ये सोळावा रोजा १७ मार्चला होता. त्या संध्याकाळी चिटणीस पार्ककडे दंगल झाली. काय झालं, कुणी केलं, ते सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलं. आमच्या घरात काय झालं तेवढंच इथे सांगतो. दार लावलं, दिवे मालवले आणि मागच्या खोलीत बसलो. बाहेरून आवाज येत होते. थोड्या वेळाने अम्मी म्हणाली, "शुरू हो गया." आम्हाला वाटलं, घाबरली आहे. घाबरलो तर सगळेच होतो, आमचीही छाती धडधडत होती. अंधारातच धाकट्या बहिणीने अम्मीचं मनगट धरलं, मग अब्बांचं, मग आमचं. मोबाइलच्या उजेडात घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजलं. आमचे ठोके ११० पर्यंत होते, अब्बांचेही, पण एकामागून एक, ताल धरून. अम्मीचे ते बेलगाम. भीतीचे ठोके जलद असले तरी ओळीत असतात, हे त्या रात्री आम्ही बोटांनी शिकलो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं इथे चालत नाही, पूर्ण मिनिट मोजावं लागतं. घरातलं बीपीचं यंत्रही अशा वेळी उलटसुलट आकडा दाखवतं, तीनदा घ्यावं. बहिणीने डॉक्टरांना फोन लावला. लागला. छातीत दुखतंय का, शुद्ध हरपतेय का, तोंड वाकडं, हात लुळा, बोलण्यात अडखळ? नाही. मग ठरलेली गोळी द्या, टेकून बसवा, यातलं काही झालं तर १०८ ला फोन करा आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा, कारण त्यावरून लकव्याचा इलाज बदलतो. पहाटे सहेरीच्या सुमाराला ठोके थोडे निवले.

दुसऱ्या दिवशी संचारबंदी. पाकिटात तीन गोळ्या उरल्या होत्या. तपासणी बुधवारी होती, ती गेली. त्या सकाळी अब्बा डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिकामं पाकीट हातात धरून गल्लीच्या तोंडाशी गेले. हवालदाराने चिठ्ठी पाहिली, पाकीट पाहिलं, म्हणाला, "काका, लवकर या." मेडिकलचं शटर अर्धं वर होतं. अब्बा पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन वीस मिनिटांत परत आले. ती वीस मिनिटं अम्मीने तिची नब्ज पाहू दिली नाही.

आमच्या भागातली संचारबंदी २३ तारखेला पूर्ण उठली. २४ ला तपासणी केली. आम्हाला वाटलं होतं आकडा खाली येईल. आला ३.८. डॉक्टरांनी विचारलं, आठवडाभर काय खाल्लं? डाळ, बटाटे, खजूर. भाजीवाला आलाच नव्हता. हिरवं पान पोटात गेलं नाही आणि गोळी तेवढीच राहिली, म्हणून रक्त जास्त पातळ झालं. त्या संध्याकाळची गोळी द्यायची नाही, दुसऱ्या दिवसापासून नेहमीप्रमाणे आणि आठवड्याने पुन्हा तपासणी, असं सांगितलं.

आता आमच्याकडे बिस्किटाच्या एका डब्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या, शेवटच्या ईसीजीची प्रत आणि गोळ्यांची यादी असते. मामूंच्या घरीही तसा डबा नेऊन दिला. ते रोज गोळी घेतात की नाही, हे मामी आम्हाला फोनवर सांगते. अम्मी दिवसातून दोनदा नब्ज मोजते. आधी पाच वेळा मोजायची, दर वुजूनंतर, आणि एखादा ठोका चुकला की दिवसभर त्याच्याच मागे असायची. डॉक्टरांनीच ते कमी करायला लावलं. नमाज खुर्चीवर. ठोके कधीकधी अजूनही उधळतात. पण आता ती आम्हाला सांगते आणि आम्ही गॅस म्हणत नाही.

ईदच्या आदल्या दिवशी अब्बा बाजारात गेले ते शिरखुर्म्याच्या सामानासोबत मेथीच्या चार जुड्या घेऊन आले. अम्मी म्हणाली, "ईदला मेथी कोण खातं?" तरी तिने ती निवडायला घेतली.