ब्लीचला न जुमानणारा जंतू

अमेरिकेत कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास ऐकू येतो: फांदी बागेतली असो की दुसऱ्या सापाच्या पेटीतली, ब्लीचच्या पाण्यात बुडवा, सगळे जंतू मरतात. (भारतात रानातला साप घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हाच आहे.) सगळे जंतू मरत नाहीत. जे उरतात, त्यांत सापाच्या जिवावर उठणारा एक परजीवी आहे, आणि तरीही हा सल्ला बिनदिक्कत दिला जातो.

त्याचे नाव क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस. तो जठरात ठाण मांडतो. जठराची भिंत जाड होते, शरीराच्या मध्यावर फुगवटा दिसू लागतो, गिळलेला उंदीर साप ओकून टाकतो. खात्रीचा इलाज नाही. बागेतल्या ताज्या फांदीवर तो सहसा नसतो; आजारी सापाच्या विष्ठेतून पसरतो आणि वापरलेल्या फांदीबरोबर दुसऱ्या घरी पोचतो. विष्ठेतल्या त्याच्या अवस्थेला चिवट कवच असते. त्यापुढे ब्लीचमधला क्लोरीन थिटा पडतो.

पटत नसेल त्याने १९९३ चे अमेरिकेतले मिलवॉकी शहर पाहावे. याच कुळातल्या, माणसाला बाधणाऱ्या जंतूने तिथे सुमारे ४ लाख लोकांना आजारी पाडले. पिण्याच्या पाण्याच्या गाळणीत चूक झाली, आणि त्यातल्या क्लोरीनने जंतूला अडवले नाही. अमेरिकेची सीडीसी ही संस्था अशा वेळी पाणी उकळायला सांगते: खळखळून १ मिनिट, २,००० मीटरहून उंच जागी ३ मिनिटे.

ब्लीच निरुपयोगी नाही. गुळगुळीत, आधी धुतलेल्या काचेवर ते अनेक जीवाणू-विषाणू मारते. पण माती-विष्ठा लागलेली असेल तर त्याची ताकद तिथेच खर्ची पडते, आणि सच्छिद्र लाकडात मुरलेले द्रावण धुऊन काढणे कठीण.

म्हणून फांदी, ताजी असो की वापरलेली, आधी ताठ ब्रशने घासावी, सुटी साल काढावी, मग उकळावी. जाड लाकडाच्या गाभ्यापर्यंत उष्णता सावकाश पोचते, तेव्हा मिनिटभर पुरत नाही. नंतर ती पूर्ण वाळवावी. पातेले स्वयंपाकाचे नको: ठणठणीत दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. आणि आजारी सापाच्या पेटीतली फांदी, कितीही सुंदर असली तरी, फेकूनच द्यावी.

बाकीचे समज थोडक्यात. तापवले की सीडरचे लाकूडही चालते? नाही, त्यातली उग्र तेले सापाला घातकच. फ्रीझरमध्ये ठेवले की पुरे? थंडीने कीटक मरतील, बरेच जीवाणू तग धरतात. फिनाइल? त्यातली फिनॉलवर्गीय द्रव्ये सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी ठरू शकतात. ब्लीचमध्ये व्हिनेगर घातले की जोर वाढतो? त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि पहिला त्रास बादलीवर वाकलेल्या माणसालाच होतो. दगड मात्र उकळू किंवा भाजू नयेत. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात. गरम पाण्याने घासून उन्हात कोरडे केले की काम भागते.