मुरलेल्या रमचे वय आणि परीक्षकांचे गुण

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांना परिचित असलेली उसाची मळी, किंवा काही ठिकाणी उसाचा ताजा रस, आंबवून त्याचे ऊर्ध्वपातन केल्यावर मिळणारा अर्क ओकच्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षे ठेवला, म्हणजे मुरलेली रम तयार होते. बाटलीवरील वयाच्या आकड्यावर ग्राहकाचा सहज विश्वास बसतो. परंतु तो आकडा नेमके काय मोजतो हे कळल्याखेरीज दोन रमची तुलना करता येत नाही.

जमैकाच्या नियमांनुसार वय म्हणजे मिश्रणातील सर्वांत कोवळ्या रमचे वय. त्यामुळे ॲपलटन इस्टेटच्या २१ वर्षे लिहिलेल्या बाटलीतील प्रत्येक थेंब किमान तितका काळ मुरलेला असतो. स्पेनमधील शेरी मद्यावरून आलेल्या सोलेरा पद्धतीत मात्र जुन्या पिंपातून थोडीच रम काढून तिच्या जागी कमी वयाची रम भरतात आणि अशा रीतीने जुने-नवे सतत मिसळत राहते. ग्वाटेमालातील रॉन झाकापा सोलेरा २३ या रममध्ये उत्पादकाच्याच सांगण्यानुसार ६ ते २३ वर्षांच्या रम असतात. या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की २३ हा आकडा २१ पेक्षा मोठा दिसतो, आणि इथेच खरेदीदाराची फसगत होते. भरीस भर म्हणजे स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून दरवर्षी सुमारे २ टक्के मद्य उडून जाते, तर कॅरिबियन उष्णतेत हे प्रमाण त्याच्या कित्येक पट असते आणि लाकडाचा अंशही अर्कात लवकर उतरतो. म्हणून बार्बाडोसमधील १२ वर्षे आणि युरोपातील गोदामातील १२ वर्षे एकाच मापाने मोजता येत नाहीत.

वयाइतकाच अवघड प्रश्न साखरेचा आहे. पिंपात मुरल्याने रमला व्हॅनिलासारखा सुगंध आणि मऊपणा येतो, परंतु तशीच गुळगुळीत चव बाटली भरण्यापूर्वी साखर मिसळूनही आणता येते. साखरेमुळे द्रवाची घनता वाढते, त्यामुळे मद्यार्क मोजण्याचे हायड्रोमीटर हे साधे उपकरण अशा रममध्ये लेबलवर छापलेल्या टक्क्यांपेक्षा कमी मद्यार्क दाखवते. फिनलंडची सरकारी मद्यविक्री संस्था अल्को विक्रीतील मद्यांमधील साखरेचे प्रमाण जाहीर करते. युरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेल्या नियमांत रमसाठी लिटरमागे २० ग्रॅमची मर्यादा घातली. ज्या परीक्षणात मऊपणाची भरभरून स्तुती आहे आणि साखरेचा उल्लेखही नाही, ते परीक्षण अर्धवटच मानावे लागते.

परीक्षकांच्या गुणांबद्दलचा सर्वांत बोलका पुरावा वाइनच्या क्षेत्रातून आला आहे. कॅलिफोर्नियातील एका जत्रेतील स्पर्धेत एकाच बाटलीतील वाइन परीक्षकांना न सांगता तीनदा दिली गेली. रॉबर्ट हॉजसन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिला प्रत्येक वेळी एकाच पदकाच्या श्रेणीत ठेवणारे परीक्षक दहांत जेमतेम एक होते. बोर्डो येथे केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात पांढऱ्या वाइनला गंधहीन लाल रंग दिल्यावर वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळा नाकावर इतका अधिकार गाजवत असेल, तर कॅरॅमलने गडद केलेल्या रमबद्दल अधिकच सावध राहायला हवे.

म्हणूनच बाटली विकत घेतली की उत्पादकाने भेट दिली, आणि चव घेताना लेबल झाकलेले होते की समोर होते, हे सांगणाऱ्या परीक्षकाचे मत अधिक मोलाचे ठरते. तुलना करताना ४० आणि ६० टक्के मद्यार्काच्या रम पाणी घालून एका पातळीवर आणाव्या लागतात, रंग लपवणारे पेले वापरावे लागतात आणि एक रम मुद्दाम दोनदा ओतावी लागते. त्या दोन पेल्यांना परीक्षकाने ८८ आणि ९२ असे गुण दिले, तर त्याच बैठकीतील इतर रममधला चार गुणांचा फरक विचारात घेण्याजोगा उरत नाही.