मधाचे मूळ आकाशात : नर मधमाश्यांचा मेळा आणि आपली मधखरेदी

चरकसंहितेत मधाचे माक्षिक, भ्रामर, क्षौद्र आणि पौत्तिक असे चार प्रकार वर्णिले आहेत. सुश्रुताचार्यांनी ते आठ मानले. मध ओळखावा तो माशीवरून, ही दृष्टी या वर्गीकरणामागे आहे. आज मात्र आपण मधाचा रंग, घनता आणि भाव पाहतो; माशीची चौकशी क्वचितच करतो. ज्या योगवाही द्रव्यास आपण अनुपानांत मानाचे स्थान देतो, त्याचा पुरवठा पोळ्यातील सर्वांत उपेक्षित घटकावर, म्हणजे नर माशीवर, किती अवलंबून आहे, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

नराचे एकच कार्य

नर मध गोळा करीत नाही. त्याला नांगी नसते. तो अफलित अंड्यातून जन्मतो. म्हणून त्याला पिता नसतो, मातामह मात्र असतो. डोक्यावर एकमेकांस भिडणारे विशाल नेत्र आणि बळकट पंख ही त्याची सामग्री केवळ राणीच्या शोधासाठी असते.

राणीचे मीलन पोळ्यात होत नाही, ते उघड्या आकाशात होते. युरोपीय मेलिफेरा जातीचे नर दुपारी जमिनीपासून सुमारे १० ते ४० मीटर उंचीवर, ठरावीक जागी, अनेक पोळ्यांतून येऊन जमतात. नराचे आयुष्य काही आठवड्यांचेच. तरीही पुढील वर्षी नवे नर पुन्हा त्याच जागी गोळा होतात. राणी तेथे पोहोचताच तिच्या गंधामागे नरांचा थवा धावतो. मीलन काही क्षणांत आटोपते आणि नर गतप्राण होऊन खाली पडतो. राणी साधारणतः १० ते २० नरांचे शुक्र स्वीकारते आणि ते शरीरातील एका सूक्ष्म कोशात आयुष्यभर सांभाळते.

आपल्याकडील जाती

आपल्या परिचयाच्या फुलोरी, सातेरी आणि आग्या या तिन्ही जातींच्या राण्यांच्या गंधातील प्रमुख घटक एकच आहे. मग संकर कसा टळतो? याच जातींवर श्रीलंकेत झालेल्या आणि १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत याचे सुंदर उत्तर मिळाले. तेथे फुलोरीचे नर भर दुपारी, सातेरीचे सायंकाळी चारनंतर आणि आग्याचे सूर्यास्ताच्या सुमारास उडतात. जणू प्रत्येक जातीने आपापला काळ वाटून घेतला आहे! सातेरीचे नर तेथे झाडांच्या शेंड्यांमधील मोकळ्या जागेत जमतात, असेही पुढे आढळले.

अनेक पित्यांचे प्रयोजन

अनेक नरांशी मीलन झालेल्या राणीच्या वसाहतीत रोगाचा प्रादुर्भाव कमी राहतो, असे अमेरिकेतील सीली व टार्पी यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसून आले. याउलट, परिसरात पोळी मोजकीच उरली की राणीला आप्तसंबंधी नर भेटतात. लिंगनिश्चितीचा घटक दोघांत समान असल्यास त्या नरापासून फलित झालेल्या अंड्यांपैकी सुमारे निम्म्यांतून निरुपयोगी नर निपजतात आणि कामकरी माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात. पोळे विरळ होते, वसाहत क्षीण होते, मध घटतो.

आपले कर्तव्य

जाळ धरून, अंडी-अळ्यांसह अख्खे पोळे कापून पिळलेला मध आपण विकत घेतो, तेव्हा त्या एका पोळ्याबरोबर शेजारच्या पोळ्यांतील राण्यांना भेटू शकणारे नरही नष्ट होतात. अशा मधात अळ्यांचा रस मिसळतो आणि तो लवकर आंबतो, हा औषधनिर्मितीच्या दृष्टीने निराळाच दोष.

म्हणून औषधालयांच्या चालकांना आमची विनंती आहे की, मध घेताना पुरवठादारास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. मध कोणत्या माशीचा? पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापला, की अंडी-अळ्यांचा भागही तोडला? त्या परिसरात दरवर्षी किती पोळी राखली जातात? समाधानकारक उत्तर देणाऱ्यास चार पैसे अधिक द्यावे लागले, तरी ते द्यावेत. वैद्यांनीही आपल्या गावातील जुने उंच वृक्ष टिकावेत यासाठी शब्द खर्ची घालावा. द्रव्याच्या शुद्धीचा आग्रह धरणाऱ्या शास्त्राने त्या द्रव्याच्या उगमाचीही काळजी वाहिली पाहिजे.