फुप्फुस, रक्तदाब आणि अँजिओटेन्सिनचे ग्राही

बाह्यरुग्ण विभागात वरचेवर कानी पडणारी एक तक्रार आहे. रक्तदाबाची गोळी सुरू होऊन काही आठवडे लोटलेले असतात, दाबही आटोक्यात असतो. परंतु घशात सतत खवखव आणि रात्री पाठ टेकताच कोरडी ढास. गिरिज, भुईगाव वा निर्मळहून सांडोरला येईपर्यंत रुग्णाच्या खोकल्याच्या दोन-तीन बाटल्या संपलेल्या असतात. गोळी रक्तदाबाची, मग खोकला कशाने? या साध्या प्रश्नाचे उत्तर फुप्फुसाच्या एका अल्पपरिचित कार्यात दडलेले आहे.

हृदयाच्या उजव्या बाजूकडून निघणारे सर्व रक्त, विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला सुमारे ५ लिटर, फुप्फुसांतील केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जाते. तेथे केवळ प्राणवायूची देवघेव होते, असे दीर्घकाळ मानले जाई. १९६७ साली लंडनमध्ये जॉन व्हेन व त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले की, रक्तदाब वाढविणारे एक प्रभावी संप्रेरक मुख्यतः याच प्रवासात तयार होते. शरीरात मीठ-पाणी कमी पडले वा रक्तदाब उतरला की मूत्रपिंड रेनिन नावाचे विकर रक्तात सोडते. यकृताने बनविलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडून ते दहा अमिनो आम्लांचे अँजिओटेन्सिन-१ तयार करते. हे जवळजवळ निष्क्रिय असते. फुप्फुसातील केशवाहिन्यांच्या अंतःस्तरावरील एसीई हे विकर त्यातील दोन अमिनो आम्ले छाटते आणि अँजिओटेन्सिन-२ उदयास येते. ही सारी योजना मीठ दुर्मीळ असलेल्या काळासाठी निसर्गाने केलेली. मिठागरांच्या आणि सुक्या बोंबलांच्या वसईत तिचा उपद्रवच अधिक व्हावा, हे ओघाने आलेच.

संप्रेरकाला स्वतःचे हात नसतात. पेशीवरील ग्राही, म्हणजे रिसेप्टर, हे कुलूप आणि संप्रेरक ही त्याची किल्ली. अँजिओटेन्सिन-२ ची दोन प्रमुख कुलपे आहेत. एटी-१ उघडले की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि शरीर मीठ धरून ठेवते. हे अति झाले तर दाह वाढतो, केशवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो व ऊतींमध्ये तंतू साचतात. प्रौढ वयात तुलनेने विरळ असणारा एटी-२ हा ग्राही बहुतांशी याच्या उलट, शमविण्याचे काम करतो. शिवाय २००० साली शोध लागलेले एसीई-२ हे विकर अँजिओटेन्सिन-२ चेच आणखी एक अमिनो आम्ल काढून त्यापासून सौम्य, संरक्षक रेणू बनविते. निरोगी फुप्फुसात हा तोल सांभाळला जातो.

आता खोकल्याकडे वळू. एसीई हे विकर ब्रॅडिकायनिन नामक द्रव्याचाही नाश करते. ज्या गोळ्यांच्या नावाअखेरीस 'प्रिल' येते (एनालाप्रिल, रामिप्रिल), त्या हे विकर रोखतात. रक्तदाब उतरतो, पण ब्रॅडिकायनिन साचते आणि खोकल्याच्या मज्जातंतूंना डिवचते. 'सार्टन' नावाच्या गोळ्या (लोसार्टन, टेल्मिसार्टन) मात्र विकराला हात न लावता थेट एटी-१ चे कुलूपच बंद करतात. म्हणून त्यांच्यापासून असा खोकला क्वचितच होतो. 'प्रिल' गटाच्या या औषधांचे मूळ ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषात आहे. त्या विषातील ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढविणारा घटक सर्जिओ फरेरा यांनी १९६५ साली प्रसिद्ध केला व पुढे तो व्हेन यांच्या प्रयोगशाळेत नेला. ज्या द्रव्याने औषधाची वाट दाखविली, तेच आज रुग्णाला खोकवते!

रोगग्रस्त फुप्फुसात हा तोल ढळतो. २००३ साली सार्सचा विषाणू पेशीत शिरताना एसीई-२ लाच धरतो, असे आढळले. २००५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत एसीई-२ नसता फुप्फुसाची तीव्र इजा अधिक गंभीर झाली, तर एटी-१ रोखल्यावर ती सौम्य झाली. पुढे ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण पुण्यात आढळले आणि या विषाणूचेही प्रवेशद्वार एसीई-२ हेच ठरले. या गोळ्यांनी ते द्वार वाढते काय, अशी शंका वैद्यकीय नियतकालिकांतून पुढे आली. युरोप-अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी त्याच महिन्यात गोळ्या थांबवू नयेत असे कळविले, तरी शंका ही सूचनेपेक्षा वेगाने पसरते. ब्राझीलमध्ये ६५९ रुग्णांवर झालेल्या, जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळी थांबविणारे आणि चालू ठेवणारे यांच्यात उल्लेखनीय फरक दिसला नाही. अकारण गोळी सोडणाऱ्याच्या पदरी मात्र अनियंत्रित रक्तदाबाचा धोका तेवढा उरतो.

याचा अर्थ या गोळ्या फुप्फुसाचे औषध आहेत, असाही नव्हे. अत्यवस्थ कोविड रुग्णांना त्या नव्याने सुरू केल्यावर लाभ झाला नाही, उलट अपाय संभवतो, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दिसले. धूम्रपानाशी निगडित एम्फिसीमा या विकारातही लोसार्टनने फुप्फुसाची झीज थांबली नाही. उंदराच्या फुप्फुसात जे घडते ते माणसाच्या फुप्फुसात घडतेच असे नाही. याबाबत आम्हां डॉक्टरांनीही उतावीळ होऊ नये.

'प्रिल' गोळी घेणाऱ्यास कोरडा खोकला लागल्यास त्याने ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवावे. गोळी बदलल्यावर खोकला बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिनेही लागतात. गर्भवती स्त्रियांना दोन्ही गटांतील गोळ्या वर्ज्य आहेत. गर्भधारणेचा विचार असल्यास आधीच तसे सांगावे. आणि खोकला दोन आठवडे टिकला तर दोष गोळीवर टाकून स्वस्थ बसू नये. आपल्या भागात क्षयरोग संपलेला नाही. थुंकीची तपासणी व छातीचा एक्स-रे करून घ्यावा. येताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत, कारण गोळीचा रंग सांगून तिचे नाव ओळखता येत नाही.